लळिंगपर्यंतची ट्रायल

आमच्याकडे स्वतःची गाडी कधीच नव्हती. तरी धुळ्यातल्या कितीतरी गाड्यांत मी बसले आहे. ह्यांचं गॅरेज होतं. आता हे नाहीत, गॅरेजही दुसऱ्याकडे गेलं. काम झालं की गाडी लळिंगच्या घाटापर्यंत न्यायची, चढावर इंजिन ऐकायचं आणि मगच गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायची, ही ह्यांची रीत. संध्याकाळची ट्रायल असली की घरासमोर हॉर्न वाजायचा. मी हातातलं पुस्तक पालथं ठेवून निघायची. बोलणं फारसं होत नसे. हे इंजिनाकडे कान लावून, मी खिडकीशी. पण एरवी माणसांनी भरलेल्या संसारात आम्हा दोघांना मिळालेला वेळ तेवढाच.

पुढे नव्या गाड्या शोरूमच्याच वर्कशॉपला जाऊ लागल्या. आमच्याकडे उरल्या जुन्या गाड्या आणि हात राखून खर्च करणारी माणसं. गॅरेज बंद पडायच्या बेताला आलं, तेव्हा ह्यांनी पद्धत बदलली. दुरुस्त होईल ते बदलायचं नाही. पार्ट गिऱ्हाइकाने स्वतः आणला तरी चालेल. तरीही शिरपूरचे एक म्हातारे शेतकरी ट्रायलनंतर खाली आलेल्या पेट्रोलच्या काट्याकडे बोट दाखवून म्हणालेच, "भाऊ, पेट्रोल काय पानी शे का? लळिंगले सासरवाडी शे का तुमनी?"

"सासरवाडी भडगावले शे, नाना," हे हसून म्हणाले.

पण त्यानंतर नियमच झाला. ट्रायलला गिऱ्हाईक शेजारी बसणार आणि ते म्हणेल तिथून गाडी वळणार. लोकांना हे फार पटलं. शिरपूर, दोंडाईच्याहून माणसं येऊ लागली. गॅरेज तगलं. घरासमोरचा हॉर्न बंद झाला. संध्याकाळी मी सलग वाचू लागले, आणि वाचलेलं लक्षात राहीनासं झालं.

एकदा मात्र गाडी दाराशी थांबली. शेजारच्या सीटवर तेच नाना होते.

"ये ना माय, मांगे जागा शे," ते म्हणाले.

हे माझ्याकडे बघत राहिले. परक्या माणसाच्या मागे बसून काय जायचं, असं मला वाटलं.

"पोळ्या व्हायच्यात अजून," मी म्हटलं. पोळ्या झाल्या होत्या.

गाडी वळली तेव्हा मागच्या सीटवर अंथरलेला आमच्या घरचा धुतलेला टॉवेल दिसला. ह्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. मला न्या, असं मीही कधी म्हटलं नाही.