नळ कुठं मागायचे

लातूरच्या एका कॉलेजात वीरभद्र सर राजकीय सिद्धांत शिकवायचे. शहरभर फिजिक्स-केमिस्ट्रीच्या क्लासेसच्या पाट्या लागत होत्या आणि सरांच्या वर्गात चार पोरं उरली होती. त्यातलं एक पंख्याखाली झोपायला येई. घरमालक शेषेराव एकदा म्हणाले, "सर, राजकारण शिकवता, तर एखादं इलेक्शन लढवा की!"

"राजकारण करायला नाही शिकवत. ते कसं असावं, कुणाचा हुकूम का मानावा, याचा विचार शिकवतो."

"मग ऐकतं कोण?"

"अजून तरी कुणी नाही," म्हणत सर शेषेरावांच्या आधी स्वतःच हसले.

त्र्याण्णवच्या भूकंपात किल्लारीजवळचं त्यांचं गाव भुईसपाट झालं. वडील कोसळलेल्या माळवदाखाली गेले. आई, गुणाबाई, तेवढी वाचली. पत्र्याच्या शेडात तिच्याजवळ बसून सरांना वाटे, आपल्याला जन्मात एक वीट रचता आली नाही.

पुढं नव्या गावासाठी बैठक बसली. ज्याची जमीन जास्त त्याचं घर मोठं, हा नियम वरूनच आला होता. भांडण पेटलं ते जागेवरून. जो तो नळाजवळ, रस्त्यालगत जागा मागत होता. शिंपीकाम करणारे खाजामियाँ मागं गप्प बसले होते. त्यांना कडेची जागा, हे जणू ठरलेलंच.

सर उठले आणि सवयीनं सुरू झाले, "न्याय या संकल्पनेचा विचार करताना..."

"मास्तर, घंटा झाली!" कुणीतरी ओरडलं.

सर ओशाळले. मग म्हणाले, "बरं, सोपं विचारतो. आपलं घर कुठं येणार हे कुणालाच ठाऊक नसतं, तर नळ कुठं मागितले असते?"

मागून खाजामियाँ म्हणाले, "हर गल्लीत."

"मग आधी तसेच मागू. जागा नंतर चिठ्ठ्या टाकून."

लई वाद झाला, पण बैठक मानली. सरांना चेव आला. "आणि घरं तरी लहान-मोठी का? भूकंपानं काय सातबारा बघितला होता?"

बायांच्या घोळक्यातून गुणाबाई म्हणाली, "मंग आपलं मोठं घर सोडतूस का?"

बैठक खो खो हसली. सर खाली बसले.

दुसऱ्या दिवशी मात्र ते पुनर्वसनाच्या ऑफिसात गेले आणि लहान घर मागितलं. तिथले साहेब म्हणाले, "मोठ्याऐवजी लहान द्यायची तरतूद नाही." सरांना हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली. जिन्यात थांबून ते स्वतःशीच म्हणाले, "वा रे विद्वान!"

चिठ्ठीत खाजामियाँचं घर सरांच्या शेजारी आलं. त्यांच्या एका खोलीत माणसं मावेनात, तिथं शिलाई मशीन कुठं ठेवणार? सरांनी ते आपल्या ओसरीवर ठेवून घेतलं. गुणाबाईनं दोन दिवस खडखडीवरून कुरकुर केली. तिसऱ्या दिवशी ती आपलं फाटकं लुगडं घेऊन मशीनपाशी जाऊन बसली.