दीड फुटावरची खिडकी

शकूताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोऱ्हाळे बुद्रुकला एका बंगल्याच्या स्लॅबवर उभा होतो. खाली मिक्सर घरघरत होता, बंगल्याचे मालक जिन्याच्या रुंदीवरून माझं डोकं खात होते आणि मी नुसतं ‘हो हो, करू’ म्हणत होतो. फोनवर ताईंचा मुलगा नितीन होता. “मामा, आई गेली... सकाळीच.” एवढंच म्हणून त्यानं फोन ठेवला. सोमवार होता. त्या सोमवारी, आणि त्याच्या आधीच्या दोन्ही सोमवारी, मी गवंडी घेऊन ताईंच्या गावी, निरवांगीत असायला हवं होतं. तसा शब्द मी ताईंना दिला होता. आता पाच आठवडे झाले, आणि जे त्यांच्या तोंडावर सांगता आलं नाही ते इथं लिहितोय. लिहून हलकं वाटेल अशी काही माझी अपेक्षा नाही.

आमची ओळख बारामतीतल्या कम्युनिटी कॉलेजातली. ‘कला, वास्तुरचना आणि डिझाइन’ असं भारदस्त नाव असलेला दोन वर्षांचा डिप्लोमा होता. वयाची अट नव्हती, त्यामुळे बारावीला गणितात आपटलेली माझ्यासारखी पोरं तिथं हमखास सापडायची. मी बावड्याचा, वय वीस, अक्कल त्याहून बरीच कमी. पहिल्या दिवशी वर्गात चाळिशीची एक बाई आली, आणि मॅडम समजून आम्ही सगळे उभे राहिलो. “बसा रं, मी बी शिकायलाच आलीया,” असं म्हणत त्या माझ्या शेजारच्या ड्रॉइंग बोर्डपाशी बसल्या. निरवांगीत त्या ब्लाउज शिवायच्या. रोज एसटीनं यायच्या. ड्रॉइंग शीट गुंडाळून ठेवायला आम्ही दुकानातून नळकांडी आणली होती. ताईंनी प्लंबरकडून पाइपाचा तुकडा आणला आणि उरलेल्या ब्लाउजपिसांची ठिगळं जोडून त्याला पट्ट्याची पिशवी शिवली. गळ्यात कापडी टेप कायम. सरांनी स्टीलची टेप आणायला सांगितली तर म्हणाल्या, “इंच त्यो इंचच की सर.” सरांना हसू आवरलं नाही, पण दुसऱ्या आठवड्यात ताईंनी स्टीलची टेपही आणली.

त्यांचं अक्षर आम्हा सगळ्यांत सुंदर. नकाशावर काहीही लिहायच्या आधी वर-खाली दोन फिक्या रेघा मारून घ्यायच्या असतात, म्हणजे अक्षरं एका उंचीची येतात. आम्ही पोरं परीक्षेपुरत्या मारायचो. ताई वहीवर नाव घालतानासुद्धा मारायच्या. एकदा मी त्यांना चिडवलं, “ताई, एसटीच्या तिकिटावर पण मारता का?” तर त्यांनी खरोखरच पर्समधून तिकीट काढलं आणि मागं दोन रेघा मारून ‘दत्ता आगाऊ हाय’ असं लिहून माझ्या हातात दिलं. ते तिकीट मी कुठं ठेवलं, आता काही केल्या सापडत नाही.

पहिल्या सत्रात सरांनी आपापल्या घराची मापं घेऊन छेद काढायला सांगितला. छेद म्हणजे घर उभं कापलं तर आत कसं दिसेल ते चित्र. उंचीचा अंदाज यावा म्हणून त्यात एखादा माणूस काढायची पद्धत असते. आम्ही सगळ्यांनी उभा माणूस काढला. ताईंनी खाटेवर झोपलेली म्हातारी काढली आणि तिच्या उशाशी जमिनीपासून दीड फुटावर सुरू होणारी खिडकी. सगळा वर्ग हसला. सगळ्यात आधी मीच हसलो, हे मला पक्कं आठवतंय. खिडकीची खालची कड जमिनीपासून किती उंच, त्याला आमच्या धंद्यात सिल म्हणतात, आणि ते साधारण तीन फुटांवर धरतात. सरांनी लाल पेन्सिलीनं दीड खोडून तीन केलं. ताई म्हणाल्या, “सर, तीन फूट हे हुब्या माणसाचं माप झालं. झोपल्याल्या माणसाचं कुठं हाय ह्यात?” सर म्हणाले, “बाई, घर झोपून बघत नाहीत.” पण पुढच्या प्रत्येक शीटवर त्यांची खिडकी दीड फुटावरच आली, आणि दर वेळी त्यांचे मार्क कापले गेले.

कारण त्यांनी मला नंतर, बसस्टँडवर वडापाव खाताना सांगितलं. त्यांच्या सासूबाई लकवा होऊन तीन वर्षं अंथरुणावर होत्या. खिडकी होती, पण उंच. रस्त्यावर पाय वाजले की सासूबाई विचारायच्या, “कोण चाललंय गं?” आणि ताई मशीन थांबवून उठायच्या, बघून सांगायच्या. दिवसातून वीसदा, पंचवीसदा. “आन एकदा मला कामाचा लई घोर हुता,” ताई म्हणाल्या, “म्या न उठताच म्हनलं, कोण न्हाय, कुत्रं हाय. त्यांची धाकटी भन हुती रं दारात... माझं ऐकून आवाज न देताच माघारी गेली. त्या पुन्हा काय भेटल्या न्हाईत.” एवढं बोलून त्या उरलेला वडापाव कागदात गुंडाळत राहिल्या. मी काहीतरी बोलायला हवं होतं, पण बस लागली.

पुढं मी बारामतीत नकाशांचं ऑफिस टाकलं. ताईंनी डिप्लोमा पुरा केला, पण नोकरी केली नाही. गावातल्या लोकांना वहीच्या पानावर घरं काढून द्यायच्या, फुकट. तीन वर्षांपूर्वी नितीन कंपनीत कायम झाला आणि त्यांनी स्वतःचं घर काढलं. चौकटीच्या वहीवर, पेन्सिलीनं, सगळी मापं घालून. ते माझ्याकडं आणलं, “दत्ता, तुझ्या कंप्युटरवर नीट करून दे,” म्हणाल्या. मी केलं. कंप्युटरमध्ये आमच्या खिडक्या तयारच असतात, उचलून ठेवायच्या. सगळ्या तीन फुटांवरच्या. ताईंच्या खोलीतही तीच ठेवली. प्रिंट काढताना माझ्या लक्षात आलं होतं. पण दुसरं गिऱ्हाईक समोर बसलं होतं. आणि खरं सांगायचं तर मनात आलं, ताईंचं हे जुनं खूळ, कोण बघतंय.

ताईंनी बघितलं. भिंती उभ्या राहिल्यावर मी साइटवर गेलो, तर त्या गळ्यातली टेप काढून खिडकी मोजत होत्या. “तीन फूट हाय व्हय रं?” मी म्हणालो, “ताई, नियमच तसा आहे. खाली घेतली तर मंजुरी मिळत नाही.” असा कुठलाही नियम नाही. माझ्या तोंडून ते इतकं सहज निघालं की मलाच खरं वाटलं. सरांशी दोन वर्षं भांडलेली बाई माझ्याशी एक शब्द भांडली नाही. “नियम असंल तर मग काय,” म्हणाल्या, टेप गुंडाळली आणि मला चहाला घेऊन गेल्या. त्यांना माझ्या त्या छोट्या ऑफिसचा फार अभिमान होता.

यंदा त्यांच्या मणक्याचं दुखणं निघालं आणि चार महिन्यांत त्या खाटेला लागल्या. मी भेटायला गेलो तेव्हा खाट त्याच खिडकीशी होती. चेहरा बोटभर झालेला, पण “दत्ता, जाड झालास” म्हणायला विसरल्या नाहीत. आम्ही कॉलेजचं बोलत होतो. तेवढ्यात बाहेर पाय वाजले आणि ताईंनी मान न हलवता सुनेला विचारलं, “कोण चाललंय गं?” सून आतून ओले हात पुसत आली, बघितलं, सांगितलं, परत गेली. मी हातातला चहा खाली ठेवला. ताई माझ्याकडं बघत होत्या. “आभाळ चांगलं दिसतं हितनं,” म्हणाल्या. माझी समजूत घालत होत्या की काय... मी म्हणालो, “ताई, सोमवारी गवंडी आणतो, सिल खाली घेऊ.” त्या म्हणाल्या, “आन नियम?” त्या वेळी खरं सांगायचं होतं. मी म्हणालो, “बघतो मी काहीतरी.”

पहिल्या सोमवारी गवंडी आला नाही. दुसऱ्या सोमवारी मी गेलो नाही. तिसऱ्या सोमवारचं वर लिहिलंच आहे.

ताईंच्या स्मरणार्थ ठेवलेला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर माणसं पांगली. नितीन म्हणाला, “मामा, जरा आत या. उद्या रंगवाला यायचाय, आन आईनं भिंतीवर कायतरी काढलंय.” खाट पुढं ओढली होती. खिडकीच्या खाली, झोपलेल्या माणसाचा हात पोचेल तिथं, पेन्सिलीची एक आडवी रेघ होती. थोडी थरथरलेली. तिच्यापासून जमिनीकडं जाणारा बाण आणि माप, दीड फूट. त्याखाली दोन फिक्या रेघा मारून त्यांच्या मधोमध नकाशावर लिहितात तशी ओळ होती : ‘टीप – नियम बदलल्यास खिडकी इथपर्यंत घेणे.’

मी खाटेवर बसलो. नितीननं विचारलं, “कसला नियम ओ मामा?” मी त्याला सांगितलं. प्रिंटचं, गिऱ्हाइकाचं, साइटवर काय बोललो ते, सगळं. तो शेवटपर्यंत ऐकत खिडकीशी उभा होता. मग मी म्हणालो, उद्याच गवंडी आणतो. तो म्हणाला, “आता कुणासाठी?” आवाज चढवला नाही त्यानं. रंगवाल्याला तेवढी भिंत सोडायला सांगतो, म्हणाला.

तेवढ्यात बाहेर रस्त्यावर पाय वाजले. मी खाटेवर आडवा झालो, तिथून नुसतं आभाळ दिसत होतं. “कोण चाललंय रे?” मी विचारलं. नितीन खिडकीतून बघत होता, त्याला दिसलं असणार. त्यानं सांगितलं नाही.