अडकित्त्याचं मूळ

साधी गोष्ट अवघड करून समजून घेण्याची विद्या आमच्या थोरल्या साडूंना जशी साधली होती, तशी सबंध सोलापुरात दुसऱ्या कुणाला साधलेली मी पाहिली नाही. हायस्कुलात ते संस्कृत शिकवीत, आणि कोणतीही वस्तू संस्कृतातून आल्याचं सिद्ध होईपर्यंत त्यांना ती चोरीची वाटे. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्या घरी जेवायला गेलो तेव्हा मी भात मागितला. मला भाताची व्युत्पत्ती मिळाली. ती संपेपर्यंत आमटी थंड झाली होती आणि वाढायला उभ्या असलेल्या अक्कांच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, हाताला कळ लागली होती. अक्का माझ्या बायकोची थोरली बहीण. त्यांनी माझ्याकडे पाहून हळूच भात वाढला आणि साडूंचं लक्ष नाही असं पाहून दुसऱ्यांदाही वाढला.

पुढे साडूंचा हा संशय एका शब्दावर येऊन बसला. एका रविवारी दुपारी सुपारी कातरताना त्यांचं बोट अडकित्त्यात सापडलं. रक्ताची धार लागली. दुसरा कुणी असता तर हळद मागितली असती. साडूंनी बोट तसंच वर धरून विचारलं, "याला अडकित्ता का म्हणतात बरं?" अक्का हळद घेऊन धावल्या, साडू वही घेऊन बसले, आणि त्या वहीतून ते पुढची अकरा वर्षं उठले नाहीत.

बोट अडकतं म्हणून अडकित्ता, हे पहिलं मत त्यांनी आठवड्यातच रद्द केलं, कारण ते कुणालाही समजत होतं. मग 'अर्धकर्तक' सापडला. सुपारीचं अर्ध करणारा तो अर्धकर्तक. त्यापासून अडकित्त्यापर्यंत यायला सतरा पायऱ्या होत्या आणि मधल्या बारा पायऱ्या त्यांनी स्वतः बांधल्या होत्या. निःपक्षपातीपणा म्हणून ते गावात चौकशीलाही हिंडले. बांगड्यांच्या दुकानातले वृद्ध मियाँ म्हणाले, "हमारे में इसकू सरोता बोलते, मास्टरसाब. तुम्हारा तुम देखो." साडूंनी ते आनंदाने लिहून घेतलं, फारसी बाद झाली म्हणून. मागावर बसलेल्या एका तेलुगू विणकराने धोटा थांबवून सांगितलं, "आमी अडकत्तेर म्हंतो की." यावर कोणाही माणसाच्या डोक्यात उजेड पडला असता. साडू मला वाटेत म्हणाले, "पाहिलंत ना? आपला शब्द कुठवर गेलाय!"

आता माझी पंचाईत सांगतो. अक्का आणि माझी बायको अक्कलकोटकडच्या एका खेड्यातल्या. त्यांच्या माहेरी कानडी बोलतात. माझ्या लग्नाच्या चौथ्याच दिवशी सासूबाईंनी पानाचं तबक पुढे करून "अडकी घ्या" म्हटलं. मी काही समजलो नाही, तेव्हा सासऱ्यांनी खुलासा केला: अडकी म्हणजे सुपारी, कत्तरी म्हणजे कात्री, आणि दोन्ही मिळून ते हातातलं हत्यार. माझं संशोधन तिथं एका मिनिटात संपलं, म्हणूनच मी जन्मभर कारकून राहिलो. साडूंनीही त्याच घरी तोच विडा खाल्ला होता. पण ते तेव्हा विड्याची व्युत्पत्ती सांगत होते.

त्यांच्या संशोधनाचा एक ठरलेला वेळ होता. संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाला की ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट टाकून बसत आणि त्या दिवशीचं टिपण अक्कांना वाचून दाखवीत. अक्का भाकरी थापता थापता "व्हय का?" म्हणत, मधूनच एखादी शंका विचारीत, आणि साडू खुलून आणखी तासभर बसत. शब्द माहेरचा, कान माहेरचे, आणि तरीही या बाईचा चेहरा असा की जणू अडकित्ता तिनं आज प्रथमच ऐकला. एवढा कसलेला नट मी नाटकातही पाहिला नाही.

शेवटी वाचनालयाच्या व्याख्यानमालेत साडूंना एक संध्याकाळ मिळाली. पुण्याच्या मासिकाने त्यांचा लेख दोनदा साभार परत केला होता, त्यामुळे त्यांनी आपली सगळी अब्रू या व्याख्यानावर लावली. हेडमास्तरांपासून वकिलांपर्यंत सर्वांना निमंत्रणं गेली. चेष्टा घरात ठीक होती, पण चारचौघांत हा माणूस उघडा पडणार हे मला पाहवेना. मी अक्कांना गाठून म्हटलं, "आता तरी सांगतो त्यांना."

"नको हो भाऊजी," त्या घाईने म्हणाल्या. "माझ्या गळ्याची शपथ हाय तुम्हाला."

पतिभक्तीपुढे कारकुनाचं काय चालणार?

व्याख्यान फार सुंदर झालं. गॅसबत्तीच्या उजेडात साडू पगडी सावरत सतरा पायऱ्या चढले, आणि सतराव्या पायरीवर पुढच्या रांगेतले सुपारीचे एक व्यापारी उभे राहिले. गृहस्थ कानडी, सज्जन. सतरंज्या त्यांनीच दिल्या होत्या. हात जोडून म्हणाले, "मास्तर, अडकी म्हंजे सुपारी की. कत्तरी म्हंजे कात्री. ह्यात संस्कृत कुटं आलं?"

हशा पिकला. साडू ताठ होऊन म्हणाले, "आपण सुपारी विकावी. शब्द आमच्याकडे सोडावेत."

"बरं, माझं ऱ्हाऊ द्या," व्यापारी म्हणाले. "तुमच्या मंडळी आमच्याच भागातल्या. त्यांनाच विचारा की."

सगळी सभा बायकांच्या बाजूला वळली. साडूंनीही पाहिलं. अक्कांनी मान खाली घातली, आणि साडूंना सगळं समजलं. त्यांनी कागदांची घडी केली, अध्यक्षांना नमस्कार केला आणि ते खाली उतरले. अकरा वर्षं मी या शब्दावर मनातल्या मनात हसत आलो होतो. त्या संध्याकाळी मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी भोंग्याच्या वेळी मी मुद्दाम त्यांच्याकडे गेलो. ते उंबऱ्याशी बसले होते. हातात वही नव्हती.

"तुला ठाऊक होतं?" त्यांनी अक्कांना विचारलं.

"होतं की."

"मग अकरा वर्षं बोलली का नाहीस?"

अक्का तव्यावरच्या भाकरीकडे पाहत म्हणाल्या, "शब्द सापडला असता तर तुम्ही उठून बाहेर बैठकीत गेला असता. त्याच्या आधी कुठं बसत होता हितं?"

साडूंनी पाट थोडा आत ओढला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मिठाला काय म्हणता तुमच्याकडे?"

"उप्पु."

"आणि पाण्याला?"

मी चहाची वाट न पाहता उठून घरी आलो.

त्यानंतर तीन वर्षं रोज तो पाट तिथंच पडे. साडू कानडीत चुका करीत, अक्का तोंडाला पदर लावून हसत. मग एका उन्हाळ्यात विषमज्वराने अक्का गेल्या. पाट कुणी उचलला मला ठाऊक नाही. साडू मात्र संध्याकाळी घरी थांबेनासे झाले. त्याच व्यापाऱ्याच्या दुकानात जाऊन बसत आणि त्याच्याशी कानडी बोलत. एकदा मीही बरोबर होतो. व्यापारी हसून म्हणाले, "मास्तर, तुमचं कानडी चांगलं हाय, पण बायकांचं हाय. पुरुष माणूस असं बोलत न्हाई."

साडू एरवी या मुद्द्यावर तासभर भांडले असते.

"असेल," ते म्हणाले. "एकाच बाईकडून शिकलो."