सुपाएवढं पान

बाल्कनीतल्या कुंडीत यंदा अळूची पानं सुपाएवढी झाली. खाली सिग्नलला दिवसभर गाड्या धूर सोडत उभ्या असतात. त्यातला कार्बन डायऑक्साइड म्हणजे झाडांचं जेवणच, असं मी शेजारच्या मालतीकाकूंना ऐटीत सांगितलं. त्यांनी वड्यांसाठी पान उलटं ठेवून बेसन फासलं, आणि ते मधोमध फाटलं.

"पान मोठं आहे गं, पण अंगात जोर नाही. मातीला काय घातलंस?"

तीन वर्षं मी त्या कुंडीतून नुसती पानं खुडत आले होते. धूर वाढतोय तशी सगळीकडेच पानं अशी पसरत असतील, आणि खाली माती रिकामी होत असेल.

काकूंनी मूठभर शेणखत दिलं. ते कालवून मी पाणी घातलं. मातीनं ते इतक्या घाईनं ओढून घेतलं, की मला तिच्याकडे बघवेना.