वीस जणींच्या बोलण्याचं गणित

शालिग्रामकाकांनी टेलिफोन खात्यात पस्तीस वर्षं तारा जोडल्या. रिटायर झाल्यावर काकूंनी त्यांना आठ दिवस घरात सहन केलं, मग ते राइट टाउनमधल्या आमच्या कॉल सेंटरात आले. इथे फोन इंटरनेटवरून चालतात. वीस मुली कानाला हेडफोन लावून लोकांच्या गॅस-शेगड्यांची गाऱ्हाणी ऐकतात.

इंटरनेटची लाइन केवढी घ्यायची, हे काकांनी काढलं. मला कागदाला हात लावू दिला नाही. “तू कम्प्यूटरवाला. बोलणं काय असते, तुले काय मालूम?” एका बोलण्याला सेकंदाला आठ किलोबिट, वीस जणींचे एकशे साठ. वर थोडी ढील म्हणून दोनशे छप्पनची लाइन घेतली.

महिन्याभरात वीसही खुर्च्या भरल्या आणि ग्राहक ओरडू लागले, मुली शब्द खातात. सगळ्यात जास्त तक्रारी नंदाच्या नावावर. सगळ्यात जास्त फोनही तीच घ्यायची, ते कोणी पाहिलं नाही. गढा मोहल्ल्यातल्या तिच्या घरात कमावणारी ती एकटी. मालक श्यामसुंदरजी काकांना म्हणाले, “लड़की साफ नहीं बोलती. शनिवार से मत बुलाइए.”

नंदा काकांपुढे उभी राहिली. “काका, मी साफच बोलून राहिली ना? तुम्हीच ऐका.”

काकांनी बाहेरून फोन लावून ऐकलं. सकाळी नऊला, चारच मुली असताना, आवाज खणखणीत. अकराला वीसही जणी बोलत होत्या, तेव्हा नंदाचे अर्धे शब्द वाटेतच गळाले. मग काका पहिल्यांदाच कागद घेऊन माझ्याकडे आले. “काहून होते रे असं?”

मी सांगितलं, इंटरनेटवर आवाजाचे तुकडे होऊन जातात आणि प्रत्येक तुकड्याला पत्ता चिकटवावा लागतो. पत्ता आवाजाच्या दुप्पट जड. आठ आवाजाचे, सोळा पत्त्याचे; आठचे झाले चोवीस.

“आमच्या एक्स्चेंजात तार एकदा जोडली की तिच्यावर नुसतं बोलणं. पत्ता कोण लावते घडीघडी?”

मी हसलो. काका हसले नाहीत. त्यांनी पुन्हा मांडलं: वीस जणींचे चारशे ऐंशी. आमच्या लाइनवर जेमतेम दहा जणी मावत होत्या.

तसेच उठून ते मालकांच्या केबिनमध्ये गेले. “गलती मेरी है जी. लड़की की नहीं.”

श्यामसुंदरजींनी कागद पाहिला. “नई लाइन आने में महीना लगेगा. तब तक दस ही बैठेंगी. कौन दस, आप ही लिख दीजिए.”

काकांनी पहिलं नाव नंदाचं लिहिलं. दुसरं सुनेत्राचं. मग पेन कागदावर तसंच टेकून राहिलं. दहाच बसणार ही बातमी बाहेर पोचली होती. केबिनच्या काचेपलीकडे वीसही जणी बोलायच्या थांबून त्या पेनाकडे बघत होत्या, आणि अकराच्या गर्दीत आमची लाइन एकदम मोकळी पडली होती.