बद्रुद्दीन पिंजाऱ्याचा दहा हाती किडा

दूधबाजारातल्या बद्रुद्दीन पिंजाऱ्याने अठ्ठावीस वर्षांत एकही गादी परत घेतली नव्हती. म्हणजे कुणी परत आणलीच नव्हती. गादी दोन कारणांनी परत येते: कापूस एका बाजूला गोळा झाला म्हणून, नाहीतर टाका उसवला म्हणून. बद्रुद्दीनच्या हातून दोन्ही होत नसे. ही गोष्ट तो आपण होऊन सांगत नसे. समोरच्याने विचारावी म्हणून थोडा वेळ वाट बघे, आणि नाहीच विचारली तर मग सांगे.

१९३५ सालच्या मार्गशीर्षात त्याच्या दुकानात खंडेराव मास्तर आले. ते हायस्कुलात शास्त्र शिकवत. त्यांनी खिशातून बोटाएवढी काचेची नळी काढली, भिंग काढले आणि बद्रुद्दीनला आत बघायला सांगितले. स्पिरिटमध्ये तांदळाच्या दाण्याएवढे काहीतरी पडले होते. हा समुद्रातला केसाळ किडा, मास्तर म्हणाले, आणि बारा दिवसांनी शाळेत प्रदर्शन आहे, तेव्हा असाच किडा कापडाचा, आत कापूस भरलेला, दहा हात लांब हवा. मुंबईच्या कॉलेजातले एक प्राध्यापक यायचे होते. त्या गृहस्थांनी सारी उमर याच किड्यांवर घालवली होती.

बद्रुद्दीनने समुद्र पाहिला नव्हता. गोदावरीला पूर आला की तो लांबून बघे, तेवढे पाणी त्याला पुरे होते. पण भिंगाला डोळा लावला आणि त्याची भीड चेपली. किडा म्हणजे सरळसरळ लोड होता. लांब, गोल, ठरावीक अंतरावर आवळलेला. अशी कडी मास्तरांनी मोजून पन्नास सांगितली. प्रत्येक कड्याला दोन बाजूंना एकेक आखूड पाय, पायात राठ केसांचा झुबका आणि वर मण्यांच्या सरीसारखी एक मिशी. डोक्यावर आणखी तीन मिशा, पुढे जाड ओठांसारखे दोन गोळे, आणि लाल डोळे चार.

हा राहतो कुठे, असे बद्रुद्दीनने विचारले. ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या दगडांखाली, शेवाळात, शिंपल्यांच्या फटीत, मास्तर म्हणाले. दगडाखाली राहणाऱ्याला चार डोळे कशाला, हे बद्रुद्दीनला पटले नाही. पण गिऱ्हाइकाच्या मापाशी वाद घालायची त्याची रीत नव्हती.

काम सुरू झाले. अंगाला मांजरपाट, डोळ्यांना लाल काचेची बटणे, मिशांना गाठी मारलेली सुतळी. राठ केसांसाठी घरातल्या तीन केरसुण्या सुटल्या, आणि त्याची बायको हुस्नबानो आठ दिवस फडक्याने घर झाडत राहिली. किड्याच्या घशामागे पिंपासारखा एक स्नायू असतो, त्याने तो भक्ष्य आत ओढून घेतो, असे मास्तरांनी सांगितले होते. तेही पिंप शिवून आत बसवले.

"तांदळाएवढ्या जिवाच्या पोटात पिंप," हुस्नबानो म्हणाली, "आणि आपल्याकडे अजून फुटका रांजण."

अडचण एकच आली. दुकान सहा हात खोल होते आणि किडा दहा हात. तेव्हा बद्रुद्दीनने तो दोन तुकड्यांत केला, मध्ये नाड्या लावल्या. आता, बैठक दोन तुकड्यांत शिवली तरी दोन्ही तुकड्यांच्या चारही कडा पुऱ्या कराव्या लागतात. एक बाजू भोंगळ सोडणारा पिंजारी पिंजारी नव्हे. म्हणून मागच्या तुकड्यालाही त्याने डोके बसवले. ओठ, मिशा, चार डोळे, सगळे.

मास्तरांनी काढून दिलेल्या चित्रात तर एकच डोके आहे, हे हुस्नबानोने दाखवून दिले.

"मागचा तुकडा बिनडोक्याचा देऊ?" तो म्हणाला. "उद्या एकट्याला कुठे न्यायचा झाला तर?"

प्रदर्शनाच्या सकाळी लियाकतच्या टांग्यातून किडा शाळेत पोचला. मास्तरांनी नदीतले गोटे आणून, हिरव्या रंगात बुडवलेली गोणपाटे पसरून समुद्र तयार ठेवला होता. बद्रुद्दीनने दोन्ही तुकडे मांडले, नाड्या बांधल्या आणि तो बाजूला झाला.

मास्तर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. परत येताना मध्येच थांबले.

"बद्रुद्दीनभाई, याला पाठीत डोकं आहे."

"तुकड्याला आहे, मास्तरसाहेब. किड्याला आपल्या जागी आहेच."

मास्तर कात्री आणायला धावले. बद्रुद्दीन आडवा उभा राहिला. कापले तर कापूस बाहेर येईल आणि मग हे कुणाचे काम म्हणून लोक विचारतील. पाहुणे यायला अर्धा तास होता.

"मग परत न्या तुमचा किडा," ते म्हणाले.

बद्रुद्दीन बाकावर बसला. अठ्ठावीस वर्षांत हा शब्द त्याला कुणी ऐकवला नव्हता. नाड्या सोडायला त्याने हात पुढे केला. पण सोडायच्या ऐवजी त्याने एक नाडी आणखी घट्ट केली.

तेवढ्यात पाहुणे आले, वीस मिनिटे आधीच. ते थेट किड्यापाशी गेले, मध्यावर थांबले, वाकले आणि दुसऱ्या डोक्याच्या चारही डोळ्यांत आळीपाळीने बघत राहिले.

पाहुण्यांनी मग जे सांगितले ते ऐकायला मुले गोळा झाली. या किड्यांच्या घराण्यात विणीचा हंगाम आला की अंगाच्या मध्येच नवे डोके फुटते. डोळ्यांसकट. मग मागचा अर्धा भाग तुटून एकटाच वर पोहत जातो, आणि पुढचा खाली दगडाखाली राहून नवी शेपटी वाढवतो. एवढे बारकाईने दाखवलेले त्यांनी मुंबईतही पाहिले नव्हते.

"हे तुम्हाला सुचलं कसं?" त्यांनी बद्रुद्दीनला विचारले.

"दुकान सहा हाती आहे, साहेब."

पाहुण्यांनी मान डोलावली, जणू हे उत्तर त्यांच्याही पुस्तकात होते. हा सुटतो का, असे त्यांनी विचारले. बद्रुद्दीनने एका ओढीत नाड्या सोडल्या. पाहुणे इतके खूश झाले की मागचा तुकडा त्यांनी आपल्या कॉलेजासाठी मागून घेतला, आणि संध्याकाळच्या गाडीला तो खांद्यावर टाकून स्वतःच निघाले.

दुसऱ्या दिवशी मास्तर दुकानात आले. अर्धा किडा शाळेत बरा दिसत नाही, ते म्हणाले. नवा मागचा तुकडा हवा, पाच हाती.

बद्रुद्दीनने मापाची दोरी काढली. "डोक्यासकट ना, मास्तरसाहेब?"

मास्तरांनी रस्त्यावर इकडेतिकडे पाहिले आणि हळूच मान डोलावली.