लग्नपत्रिकेचं पॅकिंग

आमच्या यायच्या, म्हन्जे नवऱ्याच्या, गाडीचा मले एवढा राग येत होता, का सवत असती तर बरं झालं असतं, सवतीसंग भांडता तरी येते. हिच्यासंग काय भांडाचं? लोखंड ते.

ती फटफटी कोन्या परदेशी साहेबानं खानीच्या सर्वेसाठी आनली होती, जंगलात चालवाची, दात्याचे टायर, मडगार्ड हातभर वर, सायलेन्सर मांडीजवळून मागं गेलेला. साहेब गेला आन् गाडी उटनूरच्या एका गोदामात वर्सानुवर्सं गंजत पडली. हे मास्तर, जंगलातल्या गावात शाळा, आन् आमी शाळेच्याच बाजूच्या खोलीत राहतो. एका दिवशी हे तिले बैलगाडीत टाकून घरी घेऊन आले. मी सासरी आली तवा बैलगाडीच्या पुढं कोनी चालत नव्हतं. तिच्या पुढं हे सोता चालत आले, गड्ड्यागड्ड्यावर बैल थांबवत.

मंग मुहाड्यात, घरापुढच्या पडवीत, तिचे सारे पुर्जे निघाले. मले तवा सातवा महिना होता. यायचे हात दिवसभर रॉकेलमंदी. बाळंतपन माहेरी, वांकिडीले व्हाचं ठरलं होतं, पन कळा महिनाभर आदीच आल्या आन् उटनूरलेच झालं. त्याच दिवसात माह्या मायचा खुबा मोडला, ती खाटेवरून उठू शकत नाई. लेकरू आठ महिन्याचं झालं तरी मायनं त्याले पाह्यलं नव्हतं. भावाच्या चिठ्ठ्या येत, माय इचारते, माय रडते, कवा येता. मी चिठ्ठी वाचू आन् मुहाड्याकडं पाहू.

तुमी म्हनसान बसनं काऊन नाई गेली. तीन बस बदलाव्या लागतात, आन् बोर्ड सारे तेलगूत. मी मराठी सातवीपर्यंत, तेलगूचं एक अक्षर येत नाई. एकडाव मी उलट्या बसमंदी बसली आन् इचोड्याले उतरली, चारी बाजूनं ट्रकच ट्रक, मी ढाब्याच्या भिंतीले पाठ लावून उभी होती, कोनाले इचारू, काय इचारू. तवापासून बस पाह्यली का माही छाती धडधडते. तर हे म्हनत, आपली गाडी हाये ना, रयवारी, शाळेच्या सुट्टीले, नेतो, फक्त ती हळू चालाले लागू दे.

गोष्ट अशी होती का गाडी बांधून झाली, पिस्टन नवा, रंग नवा, आन् पळवली का वाऱ्यासारखी पळे. पन हळू केली का खोकलली, ठसठस केली, आन् बंद. उभी असली का रेस आपोआप चढे, कोनी हातबी न लावता, आन् मंग एकदम विझे. वांकिडीच्या वाटेवर केरामेरीचा घाट हाये, तिथं वळनावर बैलासारखं हळू जा लागते. लेकरू घेऊन वळनावर बंद पडली तर खाली दरी. हे बरोबरच म्हनत होते. पन मले वाटे, ही मुद्दाम करते. मले माहेरी जाऊ देत नाई.

रोज शाळा सुटली का हे तिच्यापाशी. प्लग काढून उजेडात धरत, जसं कोनी नवं सोनं पाहते. म्हनत, पांढरा पडला, म्हन्जे पेट्रोल कमी आन् हवा जास्त होऊन राह्यली. कारबोरेटर चारडाव धुतला. पेट्रोलात ऑइल मिसळाव लागते तर मापाले माह्या लेकराची दुधाची बाटली नेली, तिच्यावर रेघा हायेत म्हनून. म्यां त्या दिवशी यायले जेवाले वाढलं नाई. यायच्या ध्यानातबी आलं नाई, मोठ्यानं म्हनत होते, चोक ओढून ठेवला का बरी चालते, काऊन बरी चालते.

आन् मंग पत्रिका. लेकराचे गरम कपडे ठेवाले म्यां पेटी उघडली. खाली आमची लग्नपत्रिका ठेवली होती, एकच उरली होती, जाड, आन् ‘मंगल परिणय’ सोन्याच्या उठावाच्या अक्षरानं. हात फिरवला का अक्षर बोटाले लागे. म्यां काढली तर तिच्या मधात भोक. एक मोठं गोल, बाजूनं दोन लहान. माहं नाव अर्धं गेलेलं.

म्यां ती तशीच यायच्या पुढं धरली. म्हनलं, "तुमच्या गाडीले माहीच पत्रिका भेटली काऊन?"

"जाड कागद पाहिजे होता वं पॅकिंगले. आन् पत्रिकेचं काय काम आता, लग्न तर झालं ना."

हसून म्हनलं यायनं. मी चार दिवस बोलली नाई. या घरात तिले कारबोरेटर आन् इंजिनाच्या मधात बसवाले माहं नाव लागते, म्हनलं, आन् मले माहेरी न्याले कोनी नाई.

चौथ्या दिवशी इचोड्याचा मिस्त्री आला. त्यानं गाडी चालू केली, रेस चढली, विझली, त्यानं कान लावला, डोकं हालवलं. "सारू, सील गया. पूरा इंजन खोलना पडता." सील नागपूरहून आनाव लागन, दोन महिने, भेटलं तर. यायचं तोंड पडलं. मले खुश व्हाले पाहिजे होतं, पन म्यां बोटावर महिने मोजले. दोन महिने म्हन्जे पावसाळा लागते, मंग रस्ता नाई, मंग दिवाळी. मायच्या मांडीवर बसाच्या आदी लेकरू चालाले लागन.

मिस्त्री गेला. मी चुलीपाशी बसून इचार करत होती, हवा जास्त, हवा जास्त. पन हवा येते कुठून? माह्या पंपाच्या स्टोवची हवा निघाली का मी वायसरपाशी साबनाचा फेस लावते, जिथून हवा निघते तिथं बुडबुडा येते. आन् माह्या बोटाले ते अक्षर आठवलं. उठावाचं. दोन अक्षराच्या मधात तं खाच राहते.

मी यायले काई सांगतलं नाई. फक्त म्हनलं, चालू करा. हे माह्याकडं पाहतच राह्यले, चार दिवसानं तोंड उघडलं आन् हे म्हनलं म्हनून. तिनं ठसठस सुरू केली. म्यां वाटीतला दाट फेस घेतला, त्या गरम धुडाले मी कवा हात लावला नव्हता, आन् जिथं पत्रिका बसवली होती त्या सांध्यावर लावला.

बुडबुडा आला नाई. फेस आत गेला. सरसर वढून घेतला तिनं, आन् तेवढ्या वेळ तिची रेस बदलली, आवाज भरला, आन् फेस सरला का पुन्ना ठसठस.

"अवो, पाहा," मी म्हनलं. "तिथून पिऊन राह्यली."

यायनं पुन्ना लावाले लावलं. पुन्ना तसंच. मंग बंद करून बोल्ट काढले, आन् माही पत्रिका निघाली, तेलानं काळी. जिथं सोन्याची अक्षरं होती तेवढी जागा उंच, बाजूची सपाट जागा टेकलीच नव्हती, तिथून बारीक वाटा पडल्या होत्या हवेच्या. हे म्हनाले, जोरात पळवताना एवढीशी हवा काई वाटत नाई, हळू चालताना तेवढ्यानंच पेट्रोल पातळ होते. मंग नवा कागद शोधाले उठले आन् पयला हात लेकराच्या लसीच्या सुयांच्या कार्डाकडं गेला. म्यां ते हिसकून घेतलं. माह्या भावानं लग्नात यायले दिलेल्या शर्टाच्या घडीत कोरा पुठ्ठा होता, तो दिला. यायनं तो कापला, तेलात भिजवला, बसवला.

गाडी उभ्या जागी टुकटुक, टुकटुक करत राह्यली. हे हसत होते आन् मी रडत होती, आन् दोघंबी तिच्याचकडं पाहत होतो.

रयवारी निघालो. केरामेरीच्या वळनावर समोरून लाकडाचा ट्रक आला, यायनं गाडी एवढी हळू केली का म्यां डोळे मिटले, लेकरू छातीशी दाबलं. ती बंद पडली नाई. ट्रक गेला तवा यायनं हात खाली नेला आन् टाकीवर थाप मारली, शाबास म्हनलं. तिले. म्यां मागून चिमटा घेतला. मंग म्हनले, तुले बी.

मायनं खाटेवर पडल्या पडल्या लेकराले घेतलं, त्याचे पाय नाकाले लावले. बाहेर आंगनात हे माह्या भावाले फेसाची गोष्ट सांगत होते, आन् त्यात फेस म्यां लावला हे सांगत होते, ते म्यां दारातून नीट ऐकलं.

मायच्या घरी भिंतीवर, फोटोच्या मागं आमची पत्रिका खोचली होती. अख्खी. माय म्हने घेऊन जा, तुह्यापाशी नाई ना आता. म्यां अक्षरावर बोट फिरवलं आन् पुन्ना तिथंच खोचली. राहू दे म्हनलं, इथं पाना-पक्कड नाई.